डॉस मशीन: ९०० चे ८०० झाले!

माझ्या जुन्या डॉस मशीनच्या एलसीडी मॉनिटरवर अखेर मोड १३-एचमधले (डॉस गेमचा ३२०×२०० ठिपक्यांचा मोड) सगळे पिक्सेल एका रुंदीचे दिसले. आडवे तरी. उभ्याचं पुढे बघू, आज हेच साजरं करतोय.

मागच्या वेळचा बेत आठवत असेल: एजीपी कार्डाला (जुन्या पद्धतीचं ग्राफिक्स कार्ड) डीव्हीआय, म्हणजे चित्र आकड्यांत पाठवणारी जोडणी, आहे, १७ इंची मॉनिटरलाही आहे, तेव्हा व्हीजीएची, म्हणजे चित्र व्होल्टेजच्या रूपात पाठवणारी, केबल काढून टाकायची. विंडोज ९८ साठी तो बेत अजूनही कायम आहे. १२८०×१०२४ ला पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम ९ नॅनोसेकंद. व्हीजीएवर तेवढ्या वेळात मॉनिटरला ० ते ०.७ व्होल्टमधली पातळी नेमक्या क्षणी मोजावी लागते. डीव्हीआयवर थेट आकडाच येतो. नोटपॅडमधली अक्षरं नुसती बघत बसावीत इतकी स्वच्छ.

घोडं अडलं ते डॉसमध्ये. डीव्हीआय लावली की माझ्या कार्डाचा बायोस (कार्डावरचाच मूळ प्रोग्राम) चित्र आपणच १२८०×१०२४ ला ताणतो आणि ६० हर्ट्झने बाहेर पाठवतो. डॉसचे हे मोड मुळात ७० हर्ट्झचे. त्यामुळे आडवं स्क्रोलिंग अडखळतं, आणि जे गेम व्हर्टिकल रिट्रेसवर (एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याच्या क्षणावर) चालतात ते चक्क एक सप्तमांशाने मंदावतात. संगीत आपल्या वेगात आणि पात्रं मागे! हे मला चालणार नाही.

म्हणून व्हीजीए परत लावली. वेग लगेच जागेवर आला, पण पिक्सेल एक जाड, एक बारीक. ऑटो अ‍ॅडजस्ट कितीही वेळा दाबा, फरक शून्य. त्याचं मूळ १९८७ च्या व्हीजीएतच आहे. टेक्स्ट मोड (नुसत्या अक्षरांचा) ७२०×४००: एका ओळीत, न दिसणारा भाग धरून, एकूण ९०० क्लॉक, २८.३२२ मेगाहर्ट्झने. मोड १३-एच म्हणजे ३२०×२०० दुप्पट करून ६४०×४००: एका ओळीत ८०० क्लॉक, २५.१७५ मेगाहर्ट्झने. भागाकार करून बघा, दोन्हीकडे ३१.४७ किलोहर्ट्झ. ओळीही दोन्हीकडे ४४९, सिंकची (ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणाऱ्या खुणेची) पोलॅरिटीही, म्हणजे दिशाही, तीच. सीआरटीला (काचेच्या नळीचा जुना मॉनिटर) याचं काही सोयरसुतक नाही, ती येईल ते रंगवत जाते. एलसीडीला मात्र प्रत्येक ओळीचे किती नमुने घ्यायचे हे ठरवावंच लागतं, आणि दोन्ही मोड तिला सारखेच दिसतात. ती ७२० धरते, आणि ६४० चं चित्र ७२० खणांवर ताणलं जातं.

उपाय एकच, मॉनिटरच्या मेनूतला क्लॉक (दर ओळीचे नमुने) हाताने ८०० पर्यंत खाली आणणे. डीव्हीआयवाल्या मॉनिटरचा क्लॉक निम्म्या वाटेवरच संपला. मग जुन्या बाजारातून आणलेला, नुसती व्हीजीए असलेला ५:४ (रुंदी:उंची) मॉनिटर बाहेर काढला. एक काळी, एक पांढरी अशा उभ्या रेघांचा छोटा प्रोग्राम लिहून पडद्यावर ठेवला आणि क्लॉक एकेक पायरी उतरवत गेलो. प्रत्येक पायरीला एक पट्टा कमी. शेवटचा पट्टा पडदाभर पसरला आणि पुढच्या पायरीला नाहीसाच झाला! मग फेज (नमुना घेण्याचा नेमका क्षण) फिरवून कडांची थरथर घालवली. ६४० ची दुप्पट बरोबर १२८०, म्हणून गेमचा प्रत्येक पिक्सेल आता पॅनेलच्या चार खणांत चोख बसतो.

केबलबद्दल एक सांगतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ‘सगळ्या सारख्याच’ म्हणून जी बारीक केबल हातात ठेवतात ती घेऊ नका. प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे पुसट सावली येते. काहींमध्ये १२ आणि १५ नंबरच्या पिना जोडलेल्याच नसतात, मग मॉनिटरची ओळख कार्डापर्यंत पोचत नाही. लाल, हिरव्या, निळ्यासाठी वेगवेगळी कोअॅक्स (आवरणातली तार) असलेली जाड केबलच घ्या.

आता नवी अडचण. मॉनिटर सेटिंग लक्षात ठेवतो ते सिंकवरून, आणि दोन्ही मोडची सिंक एकच. त्यामुळे गेम सुधारले तशी डॉस प्रॉम्प्टची अक्षरं बिघडली. दर वेळी मेनूत जायचं? नाही. नमुने ८०० च राहू द्यायचे आणि टेक्स्ट मोडच ६४० चा करायचा! अक्षराची रुंदी ९ ऐवजी ८ ठिपके केली की ओळीत १०० गुणिले ८, बरोबर ८०० क्लॉक. व्हीजीए चिपमधल्या सिक्वेन्सर या भागाच्या क्लॉकिंग मोड रजिस्टरचा शून्य क्रमांकाचा बिट १ करायचा, मिसलेनिअस आउटपुटमध्ये हेक्स ६७ चे ६३, आणि पिक्सेल पॅनिंग ८ वरून शून्यावर. क्लॉक बदलण्याआधी सिक्वेन्सर रिसेटमध्ये घ्यायला विसरू नका. हाताने करून पाहिलं, चालतं! अक्षरं किंचित चिकटून बसतात, पण कड धारदार.

मात्र कुठलाही प्रोग्राम टेक्स्ट मोड नव्याने लावतो तेव्हा बायोस पुन्हा ९ ठिपक्यांवर जातो. म्हणजे आयएनटी १०-एचवर (प्रोग्राम बायोसला मोड बदलायला सांगतात ती वाट) बसणारा छोटा टीएसआर (मेमरीत राहून काम करणारा प्रोग्राम) लिहायला हवा. आधी दोन्ही केबल एकाच मॉनिटरला लावून इनपुटचं बटण दाबत राहायचा विचार होता, तो सोडला. आता विंडोजसाठी डीव्हीआयवाला आणि डॉससाठी हा व्हीजीएवाला, शेजारी शेजारी. पुढच्या भागात टीएसआरचा कोड टाकतो. तुमच्या ५:४ मॉनिटरचा क्लॉक ८०० पर्यंत उतरतो का, ते तपासून मॉडेलसकट लिहा.