उद्यमबागेच्या नजरेतून जॅक ब्रॅबहॅम

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत ज्यांची हयात गेली, त्यांना जॅक ब्रॅबहॅम हा माणूस समजायला फारसे कष्ट पडू नयेत. फॉर्म्युला वनच्या इतिहासात तो तीन वेळचा जगज्जेता म्हणून ओळखला जातो; मला मात्र तो आधी जॉबवर्क घेणारा वर्कशॉपवाला वाटतो, आणि पुढच्या सगळ्या यशाचे मूळ मी तिथेच शोधतो.

त्याचा जन्म १९२६ साली सिडनीच्या हर्स्टव्हिल भागात झाला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो गॅरेजमध्ये लागला, संध्याकाळी तंत्रशिक्षण घेतले, युद्धकाळात ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात मेकॅनिक म्हणून काम केले आणि तिथून सुटल्यावर आजोबांच्या घरामागे दुरुस्तीचे व मशीनिंगचे लहानसे वर्कशॉप थाटले. आयटीआय करून टर्नर म्हणून लागणारा आणि पुढे कर्ज काढून स्वतःची शेड टाकणारा आमच्याकडचा माणूस याहून वेगळ्या वाटेने जात नाही. शर्यतीत तो उतरला तोही ओघानेच. मित्राच्या शर्यतीच्या गाडीचे काम तो पाहत असे. मित्राने घरच्यांच्या आग्रहावरून शर्यत सोडली, तेव्हा चाक याच्या हाती आले.

१९५५ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कूपर कंपनीच्याच कारखान्यात स्वतःची गाडी स्वतः बांधून ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये उतरला. चालकाच्या पाठीमागे इंजिन बसवलेल्या कूपर गाड्यांतून १९५९ आणि १९६० ही दोन्ही अजिंक्यपदे त्याने मिळवली. त्यांतल्या पहिल्या अजिंक्यपदाच्या वेळी, अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या शर्यतीत अखेरच्या फेरीत पेट्रोल संपले, तेव्हा खाली उतरून, गाडी ढकलत त्याने चौथ्या क्रमांकावर रेषा ओलांडली.

पुढे त्याने स्वतःच्या नावाचा संघ काढला. मालक म्हणून त्याची खरी पारख १९६६ मध्ये दिसते. त्या वर्षी इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटर झाली. बीआरएम या ब्रिटिश संघाने सोळा सिलिंडरांचे अवजड इंजिन काढले, फेरारी आपल्या बारा सिलिंडरांवर विसंबून राहिली. ब्रॅबहॅमने मात्र अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल मोटारीसाठी बनलेला आणि जनरल मोटर्सने बंद केलेला ॲल्युमिनियमचा व्ही-आठ ब्लॉक हेरला व मेलबर्नच्या रेप्को कंपनीकडून त्यावर शर्यतीचे इंजिन तयार करून घेतले. फिल अर्व्हिंगच्या त्या रचनेत सिलिंडरांच्या प्रत्येक रांगेवर एकच कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, होता. ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती, म्हणजे डोळे दिपावेत अशी मुळीच नव्हे; पण इंजिन हलके होते, पेट्रोल कमी पीत होते आणि शर्यत संपेपर्यंत टिकत होते.

आमच्या फाउंड्रीतला एखादा जुना मिस्त्री फेटलिंग झालेले, म्हणजे जादा धातू काढून साफ केलेले, कास्टिंग हातोडीने हलके वाजवून पाहतो, कडेवरून अंगठा फिरवतो, आणि त्यावर मशीनचा वेळ घालवावा की ते पुन्हा भट्टीत टाकावे हे ठरवतो. बंद पडलेल्या मालाकडे ब्रॅबहॅमने याच नजरेने पाहिले असावे, असे मला वाटते.

त्याचा भागीदार रॉन टोरानॅक गाड्यांचा आराखडा करी. लोटस या प्रतिस्पर्धी संघाने १९६२ मध्येच पत्र्याचा सलग सांगाडा आणला असतानाही या दोघांनी नळ्या जोडून केलेली चौकट सोडली नाही, कारण ती दुरुस्त करायला सोपी होती आणि त्यांच्या गाड्या विकत घेणाऱ्या इतर संघांनाही ते सोयीचे होते. संघाचा खर्च बराचसा या विक्रीवर भागत असे. शर्यतीच्या झगमगाटापुढे हा व्यवहार कोणी सांगत नाही. मला तर तोच जास्त रंजक वाटतो.

१९६६ मध्ये रीम्स, ब्रँड्स हॅच, झांडव्हूर्ट आणि न्यूरबर्गरिंग अशा ओळीने चार शर्यती ब्रॅबहॅमने जिंकल्या. रीम्सला पुढे असलेल्या फेरारीच्या बांदिनीची थ्रॉटलची केबल तुटली हे खरे, तरीही स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री जिंकणारा तो पहिलाच. वय झाल्याच्या कुजबुजीला उत्तर म्हणून झांडव्हूर्टला हा चाळिशीचा गृहस्थ खोटी दाढी लावून, काठी टेकत गाडीकडे गेला होता. त्या वर्षीचे अजिंक्यपद त्याचे, आणि पुढच्या वर्षीचे त्याच्याच संघातल्या डेनी हुल्मचे.

१९७० च्या हंगामात त्याने दक्षिण आफ्रिकेची शर्यत जिंकली. मोनॅकोला शेवटच्या वळणावर गाडी घसरली, ब्रँड्स हॅचला शेवटच्या फेरीत पेट्रोल संपले आणि दोन्हीकडे लोटसचा चालक रिंट पुढे निघून गेला. हंगाम संपल्यावर आपला हिस्सा टोरानॅकला विकून तो ऑस्ट्रेलियाला परतला. टोरानॅकनेही फार काळ संघ चालवला नाही. त्याने तो बर्नी एक्लस्टोन या व्यावसायिकाला विकला, आणि ब्रॅबहॅम हे नाव कायम राहिलेल्या त्याच संघाच्या गाड्यांतून नेल्सन पिके १९८१ व १९८३ मध्ये जगज्जेता झाला.