बागबाजारात आलेली बोर्गी

कोलकात्यात माझ्या हाती पुरता एकच दिवस होता. आदल्या दुपारी गीतांजली एक्स्प्रेसनं हावड्याला उतरले आणि स्टेशनजवळच्या लॉजवर राहिले. सकाळी सहाला निघाले, हावडा ब्रिज पायी ओलांडला आणि पलीकडे गेल्यावर लक्षात आलं की मोबाइल लॉजवरच चार्जिंगला राहिलाय. म्हणजे नकाशा नाही, टॅक्सीचं ॲप नाही. पर्समध्ये रोख पैसे होते. परत कोण जाणार! म्हटलं, विचारत विचारत जाऊ.

जायचं होतं बागबाजारला. तिथं ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे, एवढंच ठाऊक होतं. मी नागपूरची. आमच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा 1742 पासून बंगालवर चालून गेल्या, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सुमारे तीन मैल झाला आणि काम थांबलं. मराठे तिथवर पोचलेच नाहीत. म्हटलं, नागपूरचं कुणीतरी जाऊन यावं.

पुलाखालच्या मल्लिक घाटावर फुलांचा बाजार ऐन भरात होता. झेंडूच्या माळांचे जाड जुडगे खांद्यावर घेऊन हमाल धावत होते, खाली चिखल, आणि कालीला वाहायच्या लाल जास्वंदीचे ढीग. फार वेळ उभं राहू देत नाहीत, मागून धक्का बसतोच. तिथून नदीकाठानं उत्तरेला निघाले. गोदामं, ट्रक, निमतला स्मशान... हा टप्पा कंटाळवाणा आहे, खोटं कशाला सांगू.

कुमारटुलीत मात्र पाय अडले. दुर्गापूजेला महिना-दीड महिना होता. अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना कारागिरांच्या झोपड्या आणि आत पेंढ्याच्या देव्या! आपल्याकडे गणपती बहुतेक साच्यातून निघतो. इथं आधी बांबू-लाकडाचा सांगाडा, त्यावर सुतळीनं घट्ट आवळलेला पेंढा, त्यावर भुसा मिसळलेला चिखल, मग वरून मऊ माती. एका देवीला अजून डोकं नव्हतं, दहाही हात मात्र लागले होते. बोटं वेगळी घडवून फळीवर वाळत टाकलेली, भरल्या मिरच्या वाळत घालाव्यात तशी. मी बघत राहिले आणि मागून दोघं महिषासुर उचलून आले. “दीदी, सोरुन!” सरकायला जागाच नव्हती. भिंतीला पाठ लावली, तर ती ओली. कुर्त्यावर गंगेची माती घेऊनच पुढे निघाले.

डिच लेन तिथं कुणाला सांगता येईना. एकानं उजवीकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिथूनच परत. मी मुकाट्यानं दोघांचंही ऐकलं. अखेर बागबाजारात एका घराच्या रोयाकवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पेपर वाचत बसलेले आजोबा दिसले. उत्तर कोलकात्यात सगळ्या गप्पा या ओट्यांवरच. हिंदीत पत्ता विचारला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “किधर से?”

“नागपूर. मराठी हूँ।”

“मराठी? माने बोर्गी!” आणि खदखदून हसत त्यांनी आत हाक मारली.

बोर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार. बंगालीत मात्र बोर्गी हा बागुलबुवा झाला. मूल झोपत नसलं की बोर्गी आल्याचं अंगाईत गातात. ओली पाठ घेऊन उभ्या असलेल्या मला बघायला घरातली तीन माणसं बाहेर आली. मला काय वाटलं सांगू? येताना जरा ऐटीत होते. आता जाळलेली गावं आणि लुटलेलं धान्य आठवून शरमही वाटली. आजोबांनी तो विषयच काढला नाही. त्यांनी चहा मागवला. मातीच्या इवल्या कपाला ते ‘भाँड’ म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे ‘भांडं’. त्यांना ते फार आवडलं.

गल्ली पाच मिनिटांवर होती. खंदक केव्हाच बुजवलाय, उरलंय नाव. एका बाजूला वाळत घातलेल्या साड्या, दुसरीकडे इस्त्रीवाला. खंदकाच्या मोठ्या भागावर 1799 मध्ये सर्क्युलर रोड झाला, असं आजोबांनीच सांगितलं. मला सोडायला ते स्वतः आले होते, चार-पाच वर्षांच्या नातवाचं बोट धरून. तो सारखा माझ्या मागे वाकून बघत होता. शेवटी त्यानं आजोबांना काहीतरी विचारलं.

“क्या बोल रहा है?”

“पूछता है, घोड़ा किधर रखा?”

श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकापर्यंत कशीबशी चालले. तळव्याला फोड आला होता. पुढे कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारात जायचा बेत तिथंच सोडला. चौकात एकच घोडा होता आणि त्यावर आधीच नेताजी बसले होते. मी मेट्रोचा जिना उतरले.