वळणावरच्या रुळाची झीज मोजताना

वणी-माजरीकडच्या कोळशाच्या गाड्या ज्या वळणांवरून जातात, तिथे दोन्ही रूळ सारखे झिजत नाहीत. बाहेरच्या रुळाला चाकाची कड घासते आणि त्याचं डोकं आतल्या अंगानं तासल्यासारखं तिरकं होतं. आतला रूळ चेपतो, आणि लोखंड बाजूला सरकून त्याला ओठ फुटतो.

कारण हिशेबात आहे. 2 अंशांचं वळण म्हणजे 875 मीटर त्रिज्या. गाडी वळणावर बाहेर फेकली जाऊ नये म्हणून बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात. तो 85 मि.मी. उंच ठेवला, तर ताशी 100 किमीनं जाणाऱ्या एक्स्प्रेसला तो साधारण 72 मि.मी. कमी पडतो. ताशी 30 नं रांगणाऱ्या भरल्या मालगाडीला 14 पुरले असते, म्हणजे 71 जास्तच. मग भार आतल्या रुळावर कलतो. दोघींचं समाधान करणारी उंची नसतेच.

येणाऱ्या गाडीवर नजर ठेवणारा लुकआउटवाला उभा केल्याशिवाय मी मोजायला खाली बसत नाही. दर 10 मीटरवर रुळाच्या पोटाला रंगाची खूण करतो, कारण पुढच्या वेळी तीच जागा मोजली तरच आकड्याला अर्थ. खूण वेल्डिंगजवळ आली तर मीटरभर सरकवतो. तिथला माथा ठोकरलेला असतो.

60 किलोचा (म्हणजे मीटरला 60 किलो वजनाचा) नवा रूळ 172 मि.मी. उंच. दोन स्लीपरमधली गिट्टी काढून कॅलिपर, म्हणजे जबड्यात धरून माप घ्यायचं साधन, पायाच्या तळापासून डोक्याच्या मध्यावर लावायचा. 166.5 आले तर उभी झीज 5.5, मर्यादा 13 ची. (52 किलोच्या रुळाला 8 च.) खरी चूक होते ती तळाशी. कोळशाच्या भुकटीत ओल धरून रुळाच्या पायाला गंजाचे पापुद्रे सुटतात. ते तारेच्या ब्रशनं काढले नाहीत तर उंची फुगते आणि झीज लपते. उलट पायाच गंजून पातळ झाला असेल तर झीज वाढीव दिसते. शंका आली की पायाची जाडी वेगळी बघावी.

आडवी झीज माथ्यापासून 13 ते 15 मि.मी. खाली. नवं डोकं 72 रुंद, मुख्य मार्गाच्या वळणावर 8 मि.मी. झिजलं की बस. ओठावर जबडा अडकला की रुंदी जास्त येते, म्हणून आधी बोट फिरवून बघतो. सोबत गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतरही लिहितो. गेज 9 नं सुटलं, दोन्ही रुळांची आडवी झीज मिळून 6 भरली, तर उरलेले 3 रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लायनर-क्लिपकडे शोधायचे. हे न करता रूळ बदलला, तर नवाही तसाच सुटतो.

मे महिन्यात रूळ 60 अंशांपुढे तापतो, कॅलिपर हातात धरवत नाही. सकाळी आठच्या आत उरकलेलं बरं.

ग्रीस बाहेरच्या रुळाच्या आतल्या गालालाच लावायचं. माथ्यावर गेलं की चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात आणि रुळावर भाजल्याचे खोलगट डाग पडतात. ते कॅलिपरला सापडत नाहीत. त्यासाठी एक मीटरची सरळ पट्टी माथ्यावर ठेवून खालची फट मोजतो.