साहेब मीटिंगमध्ये आहेत

धंद्यात घालवलेल्या वेळेचा कोणी खरोखर हिशेब मांडला, तर माल बनवण्यापेक्षा आणि विकण्यापेक्षाही अधिक वेळ कोणाच्या तरी दाराशी ताटकळण्यात गेल्याचे दिसेल, असे मला नेहमी वाटते. ताळेबंदात या वेळेला रकाना नसतो आणि कादंबऱ्यांतूनही ती सहसा वगळली जाते, कारण ज्यात काहीच घडत नाही त्याविषयी लिहायचे तरी काय? डेव्ह एगर्स या अमेरिकन लेखकाने मात्र २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ होलोग्राम फॉर द किंग’ या कादंबरीत नेमका हाच काळ धरला आहे. आरंभी बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या, कधीच न येणाऱ्या माणसाची वाट पाहण्यावरच्या नाटकातले एक वाक्य देऊन पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पनाही तो देऊन टाकतो.

कादंबरीचा नायक अ‍ॅलन क्ले ५४ वर्षांचा आहे. संसार मोडलेला, डोक्यावर कर्ज आणि मुलीच्या कॉलेजची फी कुठून आणायची हा घोर. एक मोठे काम पदरात पडले की सारे फिटेल, या आशेवर तो सौदी अरेबियात जेद्दाला येतो. तांबड्या समुद्राच्या काठी राजे अब्दुल्ला यांच्या नावाचे नवे शहर वसते आहे. दूरदेशीचा माणूस समोर येऊन बोलतो आहे असे भासवणारे तंत्र राजांना दाखवायचे आणि शहराचे कंत्राट मिळवायचे, एवढेच त्याचे काम. राजे येणार आहेत, पण कधी, ते कोणालाच ठाऊक नाही. बरोबरची तरुण मंडळी वाळवंटातल्या तंबूत उकाड्यात, धड इंटरनेटही नसताना बसून आहेत आणि ज्या अधिकाऱ्याला भेटायचे तो नेहमीच बाहेर गेलेला आहे.

हे शहर कल्पनेतले नाही. त्याची घोषणा २००५ साली झाली. नागपूरच्या वाचकाला ते जरा जास्तच ओळखीचे वाटेल. वर्धा रोडने खापरीकडे गेले की मिहान हा विमानतळालगतचा मोठा औद्योगिक प्रकल्प लागतो. आज तिथे एम्स आहे, विमानांच्या देखभालीचा कारखाना आहे, आयटी कंपन्या आहेत, मेट्रोही खापरीपर्यंत धावते. पण कितीतरी वर्षे तिथल्या रुंद रस्त्यांच्या दुतर्फा गवतच अधिक होते, आणि ‘मिहान आलं की बघा’ हे वाक्य मुलाच्या नोकरीपासून प्लॉटच्या भावापर्यंत सगळीकडे चालत असे. आखून ठेवलेल्या पण न भरलेल्या शहरातून हिंडणाऱ्या अ‍ॅलनची मनःस्थिती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ताटकळण्याचे तर आम्हाला दरवर्षी प्रशिक्षणच मिळते. १९५३ च्या नागपूर कराराच्या आधारे विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरते आणि डिसेंबरात सिव्हिल लाइन्सचा परिसर मंत्री, मोर्चे आणि पोलिसांच्या गाड्यांनी भरून जातो. अशा वेळी मंत्र्यांचा मुक्काम असलेल्या रवी भवनाच्या आवारात फाइल काखेत धरून उभे असलेले लोक पाहावेत. एकाच्या हातातला पुष्पगुच्छ मला स्पष्ट आठवतो: प्लॅस्टिकच्या आवरणाला आतून वाफ धरलेली, गुलाबांनी दुपारपर्यंत माना टाकलेल्या, आणि तो गृहस्थ बाटलीतले चार थेंब बोटांनी त्यांच्यावर शिंपडत होता. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा नं भाऊ,’ असे स्वीय सहायक सांगे, आणि बसायला तर कुठे खुर्ची नव्हती. अ‍ॅलनही असाच रोज नव्या उमेदीने इस्त्रीचे कपडे घालून निघतो. एवढ्या सहनशीलतेने माणूस हसे करून घेतो, असे कोणी म्हणेल. मला तो गुच्छ शिंपडणारा मुळीच हास्यास्पद वाटला नाही.

पण एगर्स अ‍ॅलनला निव्वळ बिचारा ठेवत नाही, आणि माझ्या मते कादंबरीचे बळ तिथेच आहे. अ‍ॅलन पूर्वी श्विन या सायकल कंपनीत होता. १८९५ साली शिकागोत सुरू झालेल्या आणि १९९२ मध्ये दिवाळे निघालेल्या या कंपनीचे उत्पादन स्वस्त मजुरीच्या देशांत हलवण्यात त्याचाही हात होता. म्हणजे ज्या फांदीवर बसला होता तिच्यावर त्यानेच कुऱ्हाड चालवली. आम्हा नागपूरकरांना अशा वेळी एम्प्रेस मिल आठवणे साहजिक आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या गिरणीच्या जागेवर आता मॉल आहे आणि तिथल्या दुकानांत सुती शर्ट मिळतात. ते कुठे विणले गेले, हे आतल्या लेबलावरही दर वेळी कळत नाही.

अखेरीस राजे येतात, प्रयोग पाहतात, निघून जातात, आणि कंत्राट एका चिनी कंपनीला मिळते. एवढी वाट पाहायला लावून लेखक हा प्रसंग थोडक्यात आटोपतो, याची काही वाचकांना चुटपुट लागेल; मला मात्र तो संयम रास्त वाटला, कारण असा नकार प्रत्यक्षातही एका ओळीतच कळतो. त्यानंतरही अ‍ॅलन लगेच परतीचे विमान पकडत नाही. इथे आपल्याजोगे आणखी काही काम निघते का, ते पाहायला तो थांबतो.