हिरवी टिक

मोबाईलवरची लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम बनवणं हे माझं काम आहे, म्हणजे धडे, व्हिडिओ, चाचण्या, गृहपाठ, मार्क सगळं एकाच ॲपमध्ये, मुलांना एक बाजू आणि शिक्षकांना दुसरी. मूडल ही अशीच एक सिस्टिम २००२ पासून आहे, त्यातून आम्ही खूप शिकलो, पण आम्हाला सुरुवातीपासूनच छोटा फोन आणि येत-जात राहणारं नेट धरून बनवायचं होतं. म्हणून चाचणी आधी फोनमध्ये डाउनलोड होते, मूल ती नेटशिवाय सोडवतं, उत्तरं फोनमधल्या एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये साठतात आणि नेट आलं की आपोआप सर्व्हरला जातात. ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवसापर्यंत मला या भागाचा खरंच अभिमान होता.

पायलटमधली, म्हणजे ॲपच्या प्रायोगिक वापरातली, पहिली मार्कांची चाचणी होती, सकाळी १० ते दुपारी १२. दीडच्या सुमारास एका मॅडमचा फोन आला. त्यांच्या वर्गातली एक मुलगी त्यांच्या बाजूला 'अनुपस्थित' दिसत होती आणि ती मुलगी तर त्यांच्या समोरच उभी होती, हातात फोन, फोनवर हिरवी टिक आणि खाली 'चाचणी जमा झाली'. मॅडम अजिबात चिडलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अहो, ती रडतेय हो, मी तिला काय सांगू?" आणि मग सहज म्हणाल्या, "तुमच्या सपोर्टवाल्यांनी ॲप काढून परत टाकायला सांगितलंय, ती आता तेच करतेय."

मी अक्षरशः ओरडले, नको, थांबवा तिला, काही दाबू देऊ नका.

कारण ॲप काढलं की त्याचा डेटाबेस जातो, आणि त्या क्षणी तिच्या उत्तरांची अख्ख्या जगातली एकमेव प्रत त्या फोनमध्ये होती. काढून परत टाका हे सपोर्टचं नेहमीचं पहिलं उत्तर, दहातल्या आठ वेळा त्याने काम होतं, त्यात सपोर्टच्या मुलांची काही चूक नाही, त्यांना आम्हीच तसं शिकवलं होतं. मॅडमनी फोन तिच्या हातातून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला, मला त्याचा आवाज ऐकू आला.

मग मी आणि आमचा बॅकएंडवाला, म्हणजे सर्व्हरची बाजू बघणारा, सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्याच्या नोंदी, उघडून बसलो. तिचा फोन १२:२० ला सर्व्हरपर्यंत पोचला होता. सर्व्हरने ४०३ हा नकाराचा कोड दिला, वेळ संपली म्हणून नाकारलं, आणि आमच्या ॲपचा नियम असा की ४०० च्या घरातला एरर आला की परत प्रयत्न करायचा नाही, रांगेतून काढून टाकायचं. उत्तरं फोनमधल्या डेटाबेसमध्ये तशीच, पण पाठवायच्या यादीत नाहीत. आणि हिरवी टिक? ती उत्तरं फोनमध्ये सेव्ह झाली की लागायची. सर्व्हर काय म्हणाला याच्याशी तिचा काही संबंधच नव्हता. तो कोड माझा होता.

मॅडम म्हणाल्या वर्गात नेट तर १२ च्या आधीच आलं होतं. तेही खरंच असणार, कारण अँड्रॉइड ६ पासून डोझ नावाचा प्रकार आहे, स्क्रीन बंद करून फोन एका जागी ठेवला आणि तो चार्जिंगला नसेल की काही वेळाने सिस्टिम बॅकग्राउंडची कामं मागे ढकलते, बॅटरी वाचवायला. मुलीने चाचणी संपवली, टिक बघितली, फोन बाकावर ठेवला. शहाण्यासारखंच वागली ती. पुन्हा हातात घेतला तेव्हा कुठे फोनने उत्तरं पाठवली.

आता प्रश्न असा की तिने वेळेत सोडवली हे कशावरून? फोनचं घड्याळ कोणीही हाताने मागे करू शकतं, म्हणून तर बॅकएंडवाल्याने पोचल्याची वेळ धरली होती आणि ते चूक नव्हतं. पण अँड्रॉइडमध्ये दुसरं एक घड्याळ असतं, फोन चालू झाल्यापासून किती वेळ गेला ते मोजणारं, फोन झोपला तरी चालूच राहतं, तारीख-वेळ बदलली तरी त्याला फरक पडत नाही. व्हिडिओ किती वेळ पाहिला हे मोजायला आमच्या एका सहकाऱ्याने ते प्रत्येक नोंदीसोबत साठवायला लावलं होतं, मी तेव्हा म्हणाले होते की कशाला एवढं. चाचणी डाउनलोड झाली ती सर्व्हरची वेळ आमच्याकडे होती, १०:५०. त्यानंतर किती मिनिटांनी तिने 'जमा करा' दाबलं ते तिच्या फोनमध्ये होतं.

ते बाहेर काढायला नवीन बिल्ड, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती, लागणार होती. घाईत मी डीबगची एपीके, म्हणजे आम्ही आमच्या तपासणीसाठी वापरतो ती ॲपची फाइल, पाठवणार होते, सहकाऱ्याने हात धरला. ॲप कोणी बनवलं हे ओळखायची त्यातली डिजिटल सही वेगळी असली की अँड्रॉइड आधीच्या ॲपवर ती टाकूच देत नाही, आधीचं काढा म्हणतं, म्हणजे परत तेच संकट. मुलांच्या फोनमधल्या रिलीजच्याच सहीने बिल्ड केली, व्हर्जन एकने वाढवलं, तेव्हा डेटा जागेवर राहून अपडेट होतं. सर्व्हरला सांगितलं की उशिरा आलेलं नाकारू नको, 'उशिरा पोचलं' अशी खूण करून शिक्षकांसमोर ठेव.

साडेचार वाजता तिची उत्तरं आली. ३० पैकी २८ सोडवलेली, डाउनलोडनंतर ४७ मिनिटांनी जमा. ११:३७. मी फोनवर मॅडमना सांगितलं आणि त्यांनी तिकडे ओरडून तिला सांगितलं.

पण लॉगमध्ये असे ४०३ आलेली १९ मुलं होती. १७ जणांची उत्तरं मिळाली, त्यातल्या ३ जणांनी मध्ये फोन बंद-चालू केला होता, ते घड्याळ अशा वेळी शून्यापासून सुरू होतं, त्यामुळे पुरावा नाही. त्यांचं काय करायचं ते मॅडमवर सोडलं, त्यांनी तिघांची उत्तरं धरली. राहिलेल्या दोघांनी सपोर्टचं ऐकून दुपारीच ॲप काढलं होतं. त्यांचं काहीच उरलं नव्हतं.

त्या दोघांना मी स्वतः फोन केला. उत्तरं आमच्यामुळे गेली, तुमच्यामुळे नाही, हे सांगितलं. एकाने विचारलं, "पण मॅडम, हिरवं आलं होतं ना?" हो, आलं होतं, म्हटलं. दोघांसाठी वेगळे प्रश्न काढून पुढच्या आठवड्यात परत चाचणी घेतली.

रात्री मी हिरवी टिक काढली. आता आधी पिवळी पट्टी येते, 'उत्तरं या फोनमध्ये आहेत, अजून पोचलेली नाहीत. ॲप काढू नका, नेट चालू ठेवून ही स्क्रीन उघडी ठेवा.' हे वाक्य मॅडमना वाचून दाखवलं, त्यांनी 'पोचलेली नाहीत'च्या आधी 'मॅडमपर्यंत' घालायला सांगितलं, मुलांना सर्व्हर म्हणजे काय ते कुठे माहीत असतं. आम्ही 'शिक्षकांपर्यंत' घातलं. सर्व्हरकडून पोचपावती आली की मगच हिरवं.