तान्ह्या बाळाविषयीचे नकोसे विचार: माझा अनुभव

मुलगी तान्ही असताना भाजी चिरायला बसले की हेच विळीचे पाते मी तिच्यावर चालवीन, असा विचार अचानक मनात घुसे आणि अंगाला दरदरून घाम फुटे. ‘वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते’ हे लहानपणापासून कानांवर पडलेले असल्यामुळे, नुसते मनात आलेलेही खरे होईल आणि असे मनात येणारी आई मुळातच दुष्ट असली पाहिजे, असे मी धरून चालले होते. विळी माळ्यावर गेली, बाळाची आंघोळ सासूबाईंकडे गेली. विचार आला की रामरक्षा म्हणायची आणि म्हणताना तो पुन्हा डोकावला तर पहिल्या श्लोकापासून सुरुवात करायची, असा नेमच जडला. रात्री “माझ्या हातून काही होणार नाही ना?” असे नवऱ्याला विचारल्याशिवाय डोळा लागत नसे.

हा मंत्रचळ (ओसीडी) आहे, म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि ते शमवायला त्याच त्या कृती करत राहण्याचा आजार, आणि बाळंतपणानंतर तो सुरू होऊ किंवा बळावू शकतो, असे मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितले. रॅकमन आणि डिसिल्वा या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवून दिले होते की, असे भलते विचार हा आजार नसलेल्या बहुसंख्य माणसांच्याही मनात येतात. ती माणसे त्यांना किंमत देत नाहीत, म्हणून ते विरून जातात. हे ऐकून मला जे हायसे वाटले, ते आजही शब्दांत सांगता येत नाही.

मी बाळाला अंगावर पाजत होते, हे लक्षात घेऊन औषध ठरले. परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, याची कल्पनाही मिळाली. खरी कसोटी मात्र सरावाची होती. आधी विळी ओट्यावर नुसती दिसेल अशी ठेवायची, मग बाळ शेजारच्या खोलीत असताना कोबी चिरायचा आणि पुढे ते त्याच खोलीत सुरक्षित अंतरावर खेळत असताना चिरायचा. विचार आला तरी रामरक्षा म्हणायची नाही, पाते तपासायचे नाही, उठून जायचे नाही. पहिल्या वेळी छाती इतकी धडधडली की कोबीच्या जाड फोडीच पडल्या. पण काही न करताही ती धडधड ओसरते आणि कधी रेंगाळली तरी सोसता येते, हे हळूहळू अंगवळणी पडले. नवऱ्यालाही बाईंनी उत्तर शिकवले होते: “याचे उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.” आरंभी मला ते निष्ठुर वाटे. पण शंभर टक्के खात्री मागत राहणे हाच आजाराचा खुराक होता, हे पटल्यावर प्रश्न आपोआप कमी झाले.

विचार अजूनही अधूनमधून येतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही आणि हातातले काम सोडत नाही. रामरक्षा आता दिवेलागणीला, श्रद्धेने म्हणते. आपल्याला कोण काय म्हणेल या धास्तीने कितीतरी आया हे लपवत असतील, त्यांनी डॉक्टरांना मनात आलेले शब्दशः सांगावे. मात्र असा विचार बरोबरच आहे असे वाटू लागले किंवा कोणी आज्ञा देत असल्याचे आवाज ऐकू आले, तर तो निराळा आणि तातडीचा आजार असू शकतो. तेव्हा बाळ-बाळंतिणीला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कुणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.