खरपुडीच्या जागी खड्डा

सप्टेंबरअखेरचा रविवार, कासच्या पठारावर फुलांपेक्षा माणसंच जास्त. तासाभरात तिथून निघाले. खरी ओढ होती ती पुढच्या रानाची.

दोन वर्षांपूर्वी त्या रानाच्या कडेला, कारवीच्या गचपणात, एका गुराखी आजोबांनी मला कंदीलपुष्प दाखवलं होतं. "ही आमची खरपुडी." बारीक नळी, बुडाशी फुगीर, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून झालेला कंदील. चिखलात पालथी पडून बघत बसले. एक चिमुकली माशी पाकळ्यांच्या फटीतून आत शिरली, ती बाहेर येईचना. नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले असतात; आत सोडतात, मागे फिरू देत नाहीत. ते सुकले की माशी सुटते आणि परागांच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. वेल मात्र दोऱ्याएवढी. पावसाळा सरला की वाळून जाते, जमिनीखाली कंद तेवढा उरतो. सह्याद्रीतल्या हिच्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

त्या रात्री मी फोटो टाकला, सोबत नकाशावरची खूणही. ज्यांनी विचारलं त्यांना हौसेने वाट सांगितली.

यंदा त्या जागी खड्डा होता. रानडुकरं, साळिंदरं कंद उकरतात, पण त्यांचं उकरणं वेडंवाकडं असतं. हा खुरप्याने कापल्यासारखा चौकोनी. कारवीला वेलीचा तुटका शेंडा तसाच गुंडाळलेला, पार वाळलेला.

"मागल्या साली गाडीतनं दोघं आल्ती," आजोबा म्हणाले. "मोबाइलात बघत बघत सरळ हितंच थांबली."

मला त्यांच्याकडे बघवेना. ती खूण माझीच, हे त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कुंडीत लावायला उकरून नेलेला कंद विश्रांतीच्या दिवसांत रोज पाणी घातलं की कुजतो, म्हणजे ती वेल तिकडेही जगली नसणार. कास २०१२ पासून जागतिक वारसा आहे, तिथे तिकीट आहे, राखणदार आहेत. या रानाला फक्त हे आजोबा.

बऱ्याच वेळाने त्यांनी हाताने खूण करून आत नेलं. तिथे एक वेल होती, जोडशेंगा धरलेली. एक शेंग उकलली होती. रेशमी झुपक्याचं एक बी वाऱ्याने सुटलं आणि कारवीत अडकलं. आजोबांनी ते अलगद सोडवून फुंकर मारली, मग कारवीच्या फांद्या ओढून वेल पुन्हा झाकली. मोबाइल मी पिशवीतून काढला नाही.